राज्य माझ्यावर

१

"मुलगी सापडली का हो?"

दूध आणायला गेले की दुकानदार विचारतो. दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस कोंबून मग विचारलं, म्हणजे उत्तर द्यायची सोयच नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, तर श्रीधरकाका म्हणाले, "साफ करायच्या आधी आत डोकावून घ्या. अपूर्वाबाईंची मुलगी तिथे असायची." सगळे हसले. मीही हसले. कोथरूडमध्ये राहायचं तर कातडी जाड लागते.

ही मुलगी म्हणजे जुई, मी लिहिलेल्या मालिकेतली. मालिकेचं नाव 'जुई कुठे आहे?'. पाचही भाग बघून झाल्यावर प्रेक्षकांनी तोच प्रश्न आम्हाला विचारला. आठ वर्षांची जुई आईबरोबर घरात लपाछपी खेळत असते. आई डोळे मिटून आकडे म्हणते, डोळे उघडते, आणि जुई नाही. पुढे पोलीस, वडिलांचं लफडं, शेजाऱ्याचं जुनं प्रकरण, आजीचं मृत्युपत्र, असं सगळं दळण दळून झाल्यावर शेवटी जुईच्या रिकाम्या खोलीचा एक लांबच लांब शॉट. संपलं. एका समीक्षकाने लिहिलं, 'मुलगी हरवली हे समजू शकतो, पण लेखिकाही हरवली.'

लोकांना मी सांगते की सहावा भाग ठरला होता, तो वरच्यांनी कापला. तेही खरंच आहे. निर्माते जयसिंग यांचा फोन आला होता, पाच पुरे, शेवट मोकळा ठेवा. त्यांना वाटलं मी भांडेन. मी कसली भांडते? मला हायसं वाटलं, कारण सहावा भाग मी लिहिलाच नव्हता. जुई कुठे आहे ते मला ठाऊकच नव्हतं, अगदी पहिल्या दिवसापासून. लिहिता लिहिता सापडेल म्हटलं, आणि मग शोधायचा कंटाळा केला. एवढ्याशा पोरीला लपवून ठेवलं आणि शोधायला गेलेच नाही. असं मला कोणी म्हणत नाही. मीच म्हणते, भाजी चिरताना, केस विंचरताना.

आणखी एक. आईचं काम करणाऱ्या बाईंचा घसा डबिंगच्या दिवशी बसला, म्हणून पहिल्या भागातले ते आकडे माझ्या आवाजात आहेत. दहा, वीस, तीस. चेहरा त्यांचा, आवाज माझा. तेव्हा गंमत वाटली होती.

२

जुईचं काम तनयाने केलं होतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या राधाची मुलगी. राधा बँकेत आहे, तिचा नवरा समाधान बदलीमुळे सोलापूरला. शाळेची व्हॅन आली की तनया सरळ माझ्याकडे येते आणि राधा घरी येईपर्यंत माझ्याकडेच असते. आम्हाला मूल नाही. हे आधीच सांगून टाकलं की लोक आडून आडून विचारत बसत नाहीत.

जुईची खोलीसुद्धा आमचीच. शूटिंगला मनासारखं घर मिळेना, तेव्हा मी माझी लिहायची खोली देऊन टाकली. भिंतभर कपाट, खिडकीशी दिवाण, आणि जाड निळा पडदा. तो शिवताना टेलरने मापात घोळ घातला, त्यामुळे जमिनीपासून वीतभर वरच राहतो.

तनयाला काम छान जमलं. अडचण एकच. लपली की तिला हसू येतं, हसू दाबलं की उचकी लागते. उचकीपायी शॉट पुन्हा पुन्हा घ्यावे लागायचे, आणि आमचा दिग्दर्शक शंभू कपाळाला हात लावून बसायचा.

"कोण गं एवढी आठवण काढतंय तुझी?" मी विचारायचे.

"जुई," ती म्हणायची.

तिच्याबरोबर लपाछपी खेळायची तर नियमात सूट नाही. राज्य ज्याच्यावर, त्याने डोळे मिटून दहा-वीस करत शंभरपर्यंत जायचं. कोणी दिसलं की नाव घेऊन 'इस्टॉप' म्हणायचं. नाव चुकलं तर सगळे ओरडणार, 'अंडं फुटलं', आणि राज्य पुन्हा त्याच्यावर. म्हणून तर पोरं एकमेकांचे कपडे घालून लपतात. नुसता फ्रॉक बघून नाव घेतलं की फसलात. मागून येऊन कोणी पाठीवर धप्पा दिला तरी राज्य तुमच्यावरच. आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे राज्य सोडून घरी जाणं. जायचंच असेल तर मोठ्याने सांगायचं, खेळ संपला, बाहेर या. नाहीतर लपलेल्याला कसं कळणार?

मालिका संपली त्या आठवड्यात पोहे खाता खाता तनयाने विचारलं, "काकू, मग जुई कुठे होती?"

"कुठेच नाही. मालिका संपली."

"तू सांगितलंस तिला?"

"कोणाला?"

"जुईला. खेळ संपला म्हणून."

"अगं, जुई खोटी. तूच नव्हतीस का जुई?"

तिने शेंगदाणा वेचून तोंडात टाकला. "मी घरी आले ना," ती म्हणाली.

३

शेवटचा भाग मी पुन्हा पाहिला तो त्या समीक्षकाला उत्तर द्यायचं म्हणून. सकाळची वेळ, चहाचा कप हातात, आणि बसले होते त्याच खोलीत, दिवाणावर. शेवटचा शॉट आला. कपाट, दिवाण, पडदा. पडद्याखालच्या वीतभर फटीत पायाची बोटं दिसली. पांढऱ्या मोज्यातली, जरा आत वळलेली.

मी मान वर केली. माझ्या खऱ्या पडद्याखाली फरशी होती, तिच्यावर ऊन होतं. बाकी काही नाही.

शौनकला फोन लावला. त्याने मालिकेचं संकलन केलं आहे, एकेक शॉट त्याला पाठ. "ताई, तो शॉट घेताना खोलीत कुणीच नव्हतं. तनयाला तर त्या दिवशी सुट्टी होती," तो म्हणाला. मग त्याच्याकडचा भाग लावून बघितला. "मला तर काही दिसत नाहीये. तुम्ही जरा आराम करा ना. कमेंट्स वाचणं बंद करा आधी."

मी पुन्हा लावला. बोटं नव्हती. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं ठरवून मोकळी झाले. पडदा मात्र मध्यभागी थोडा फुगलेला होता. खिडकी बंद करून घेतला होता तो शॉट, नाहीतर रस्त्यावरचे हॉर्न आत येतात. चहा तसाच गार झाला.

४

मग घर वेगळं ऐकू यायला लागलं. कपाटाचं दार नीट बसेना. ढकलून लावावं, तर आतून कोणी हलक्या हाताने धरून ठेवल्यासारखं बोटभर उघडं राहायचं. लाकूड फुगलं असेल. दिवाणाखालून खुडबुड ऐकू यायची. डक्टमधली कबुतरं असतील, पुण्यात माणसांपेक्षा कबुतरं जास्त. मी लिहायला बसले की एक श्वास थांबायचा. श्वास ऐकू आला तर त्याला काहीतरी म्हणता येतं. थांबलेला श्वास कोणाला सांगणार?

मी पाठ भिंतीला लावून बसायला लागले. टेबल ओढून कोपऱ्यात घेतलं. सलिल, माझा नवरा, दारात उभा राहून म्हणाला, "हे काय, पोलीस चौकी?"

"उजेड चांगला येतो इथे."

"उजेड तिकडे आहे, खिडकीत," असं म्हणून तो निघून गेला. त्याचं बरोबरच होतं. पण खिडकीत बसलं की पाठ पडद्याकडे येते, आणि पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध एक जागा सारखी वाट बघत असते. एक लहान हात तिथे पडेल, आणि मग सगळं पहिल्यापासून.

एका संध्याकाळी तनया दप्तर टाकून खोलीत गेली, आणि बाहेर येऊन हळूच म्हणाली, "काकू, आज ती कपाटात नाहीये. आज दिवाणाखाली आहे."

"तनया, असलं काही बोलायचं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि बिस्किटं खायला लागली.

त्याच दिवशी मी राधाला सांगायला हवं होतं. काहीही कारण काढायचं, तब्येत बरी नाही म्हणायचं, पण पोरीला आमच्या घरी पाठवू नकोस म्हणायचं. मी सांगितलं नाही. का, तेही मला नीट माहीत आहे. तनया असली की खोलीतला तो थांबलेला श्वास जरा दूर जायचा. त्या घरात मला एकटं बसायचं नव्हतं, म्हणून मी दुसऱ्याचं पोर जवळ ठेवून घेतलं. राधा रोज जाताना म्हणायची, "ताई, तुमच्यामुळे मी निर्धास्त असते हो." मी म्हणायचे, "त्यात काय एवढं."

५

त्या दिवशी तनया पिवळा फ्रॉक घालून आली. जुईचाच, शूटिंग संपल्यावर तिला देऊन टाकलेला.

"आज राज्य तुझ्यावर," ती म्हणाली. "तू जुईला शोध. मी पण लपते, म्हणजे तिला एकटं वाटणार नाही."

नाही म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, खेळून टाकू एकदा, सांगून टाकू खेळ संपला म्हणून, म्हणजे पोरीच्या डोक्यातून जाईल. आणि माझ्याही. स्वयंपाकघरातल्या भिंतीला कपाळ टेकून मी सुरुवात केली. दहा, वीस, तीस. मागे तिची पावलं पळाली. पन्नास, साठ, आणि फोन वाजला.

जयसिंग होते. "मॅडम, लोक शिव्या देतायत म्हणजे लोक बघतायत. दुसरा सीझन हवाय त्यांना. एकच अट आहे, मुलगी सापडता कामा नये."

मी गॅलरीत गेले, चांगली रेंज तिथेच येते. किती बोलले कोण जाणे. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? इतके दिवस जोडे खाल्ल्यावर कोणीतरी गोड बोलत होतं. शेवटी त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "नाही सापडणार. शब्द देते."

फोन ठेवला तेव्हा समोरच्या इमारतीत दिवे लागले होते. आमच्या घरात अंधार होता आणि आवाज नव्हता. हसू नाही, उचकी नाही. राज्य साठवर सोडून मी निघून गेले होते.

बेल वाजली. राधा दारात उभी, खांद्याला पर्स. "आवरलं का आमच्या बाईसाहेबांनी?"

मी तिला खेळ चाललाय म्हणाले. दोघींनी मिळून हाका मारल्या, आधी हसत. खेळ संपला, बाहेर ये, असं मी तेव्हा म्हणाले. कपाट उघडलं, दिवाण ओढला, पडदा सरकवला, माळ्यावर बॅटरी मारली. मग हसणं थांबलं. सलिल ऑफिसमधून आला तसाच स्कूटर घेऊन बाहेरच्या रस्त्याला गेला. वॉचमन शपथेवर सांगत होता, कोणी मूल गेटबाहेर गेलेलं नाही. श्रीधरकाका गच्चीत गेले आणि टाकीचं झाकण त्यांनी स्वतः उघडून बघितलं. खाली आले तेव्हा माझ्याकडे बघेनात.

राधा आमच्या दाराबाहेर जिन्यात बसली होती. रडत नव्हती. "तुमच्या भरवशावर, ताई," एवढंच म्हणाली. तिने चिडून म्हणायला हवं होतं. ती नुसती सांगत होती.

मी आत गेले. दुसरं काही सुचेना, म्हणून स्वयंपाकघरातल्या त्याच भिंतीला कपाळ टेकलं आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे म्हणायला लागले. सत्तर. ऐंशी. माझा आवाज मालिकेतल्यासारखा येत होता. नव्वद. शंभर.

खोलीत गेले. मगाशी सरकवलेला पडदा पुन्हा लागला होता. खालच्या फटीत पांढऱ्या मोज्यांतली बोटं, आत वळलेली. कडेने पिवळ्या फ्रॉकची किनार.

उचकी नव्हती.

मी उभी राहून ऐकलं. तनया असती तर एव्हाना उचकी लागली असती. हे मला कळलं. मागाहून नाही, तिथेच, पडद्यासमोर उभी असताना कळलं. मी परत फिरू शकले असते. घरभर शोधत, उचकी ऐकू येईपर्यंत थांबू शकले असते. किंवा आधी तनयाचं नाव घ्यायचं, फुटलं अंडं तर फुटलं, पुन्हा माझ्यावर राज्य, पुन्हा शोधते. पण माझी पाठ दुखत होती, त्या दोन खांद्यांमधल्या जागेत. मला सुटायचं होतं.

"जुई," मी म्हणाले. "इस्टॉप."

पडदा बाजूला झाला. पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी बाहेर आली, डोळे चोळत, केस घामाने चिकटलेले. तेच नाक, तीच हनुवटी, भुवईजवळचा तोच तीळ. तिने माझ्याकडे बघितलं.

"किती वेळ लावलास," ती म्हणाली.

माझा आवाज ऐकून राधा धावत आत आली आणि तिने मुलीला पोटाशी धरलं. मग रडली. सगळी इमारत जमा झाली, श्रीधरकाकांनी डोळे पुसले, कोणीतरी साखर आणली. मी भिंतीशी उभी राहून कान देत होते. कुठूनतरी ते ओरडणं ऐकू येईल म्हणून वाट बघत होते.

अंडं फुटलं, असं कोणीच म्हणालं नाही. मी बरोबर नाव घेतलं होतं.

६

आता सगळं छान आहे. कपाटाचं दार नीट बसतं. मी टेबल पुन्हा खिडकीत नेलं आहे आणि पाठीला काही होत नाही. जयसिंगना नकार कळवून टाकला. सलिल म्हणतो, हवापालट म्हणून चार दिवस कुठेतरी जाऊ. मी घर सोडून जात नाही.

मुलगी आता माझ्याकडे येत नाही. नको म्हणते, शाळेतून येऊन शहाण्यासारखी शेजारच्या ललिताबाईंकडे बसते. राधा परवा जिन्यात भेटली. तिच्या मनात माझ्याबद्दल काही नाही, उलट मलाच धीर देते. "ताई, किती मनाला लावून घेता? सापडली ना? आणि एक गंमत सांगू, तिची ती उचकी एकदम बंद झाली. कारलंसुद्धा खाते मुकाट्याने. तिचे बाबा म्हणतात, एका दिवसात मोठी झाली."

तिच्यामागे ती मुलगी उभी होती, हात आईच्या हातात. पाय जरा आत वळलेले. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. ती वाईट नाही. तिला कोणीतरी शोधायला हवं होतं, एवढंच. राधा तिच्या केसांवरून हात फिरवत होती. राधाला मी काय सांगणार? तुझी मुलगी घरात आहे, पण माझ्या घरात? अजून लपलेली आहे, कारण मी तिचं नाव घेतलं नाही?

दुपारी घर रिकामं असतं तेव्हा मी खोलीत जाऊन बसते. पहिल्यांदा उचकी ऐकली ती कपाटातून. मी झडप घालून दार उघडलं, "तनया, इस्टॉप" म्हणाले. आत कपडे होते. मग दिवाणाखालून, मग माळ्यावरून. प्रत्येक वेळी मी नाव घेते, आणि प्रत्येक वेळी तिथे कोणी नसतं. खेळ संपला, बाहेर ये, असं ओरडूनही झालं. पण त्या संध्याकाळी तेच ओरडून मी पुन्हा आकडे म्हणायला लागले होते, आणि एकदा खोटं म्हटलं की पोरं पुन्हा विश्वास ठेवत नाहीत.

कोणी आठवण काढली की उचकी लागते म्हणतात. म्हणून मी रोज बसून तिची आठवण काढते. पोह्यांतले शेंगदाणे वेचून खाणारी. शंभूला कपाळाला हात लावायला लावणारी. जुईला एकटं वाटू नये म्हणून लपायला गेलेली. मन लावून आठवलं की मग कुठूनतरी येते, दाबलेली, बारीक उचकी, आणि मला कळतं की ती अजून आहे, अजून हसू दाबते आहे, तिला वाटतंय मी शोधते आहे.

रात्री खालून राधाची हाक येते, "तनया, जेवायला चल." आणि खालूनच उत्तर जातं, "आले, आई."

आज उचकी जरा लांबून आली.